ड्रॉहेडात नवीन आलात? मग आधी टेकडी चढा

आयर्लंडसारख्या नवीन देशातले पहिले दोन महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), आयआरपी कार्डाची (राहण्याच्या परवान्याची) तारीख, भाड्याचं घर, जीपीकडे म्हणजे घरच्या डॉक्टरकडे नाव नोंदवणं, आणि तूरडाळ कुठे मिळते याचा शोध. गाव बघायचं राहूनच जातं. मग एक दिवस भारतातून सासूबाई येतात, "इथे बघण्यासारखं काय आहे गं?" असं विचारतात, आणि आपण त्यांना डब्लिनची ट्रेन पकडून घेऊन जातो. मीही तेच केलं होतं. संध्याकाळी परत येताना त्या म्हणाल्या, "तुमच्या गावातला तो उंच बुरूज कसला?" मला सांगता आलं नाही.

त्यानंतर मी गाव पायी पालथं घातलं. आता कुणीही पाहुणा आला की त्याला ठरलेल्या क्रमाने फिरवते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ड्रॉहेडात प्रत्येक कोपऱ्यावर एक गोष्ट ऐकायला मिळते आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्याच खऱ्या असतात. नीट क्रमाने गेलात तर कुठला अर्धा खरा ते तुमचं तुम्हालाच कळतं.

घराबाहेर पडण्याआधी: नाव

नावातला "ग" गिळायचा. ड्रॉग्हेडा म्हणालात की बसचालकाला कळतं, पण तो हसतो. ड्रॉहेडा म्हणा. इथलीच माणसं घाईत "ड्रॉडा" म्हणतात, ते आपण लगेच उचलू नये. मूळ आयरिश नाव "द्रोहद आहा". द्रोहद म्हणजे पूल आणि आहा म्हणजे नदीचा उतार, जिथून पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं ती जागा. म्हणजे आधी उतार होता, मग त्यावर पूल झाला आणि पुलामुळे गाव. नदीचं नाव बॉइन.

गाव डब्लिनच्या उत्तरेला, सुमारे ५० किलोमीटरवर. २०२२ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४४,१३५ होती. कागदोपत्री हे "शहर" नाही, "टाउन" आहे, आणि देशातल्या टाउनांमध्ये सर्वांत मोठं. शहराचा दर्जा मिळावा म्हणून इथे जुनी मागणी आहे, तेव्हा "छोटंसं गाव आहे हो तुमचं" हे वाक्य पहिल्या भेटीत टाळा.

छत्री नेऊ नका. नदीवरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट पुरेत.

पायरी १: मिलमाउंट

सुरुवात दक्षिण काठावरून करा. रेल्वे स्टेशन त्याच बाजूला आहे, त्यामुळे बाहेरून आलेल्यांनाही सोयीचं. बुल रिंग या चौकाजवळून चढण लागते. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर गाडीने वर जाता येतं.

वर हिरवी टेकडी आहे आणि तिच्यावर बुटका गोल बुरूज. गावातले लोक त्याला "कप आणि बशी" म्हणतात, आणि पुलावरून पाहिलं की पटतं. बशी म्हणजे ती टेकडी. ती मानवनिर्मित आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन सरदार ह्यू द लेसी याने मातीचा ढिगारा रचून त्यावर गढी बांधली. नॉर्मनांची ही नेहमीची पद्धत होती: आधी माती उचलायची, वर लाकडी कोट ठोकायचा, दगडाचं काम सवडीने. लोककथा मात्र म्हणते की ढिगाखाली अमर्गिन नावाचा पुराणकाळचा कवी पुरलेला आहे. कप त्यामानाने अलीकडचा. नेपोलियनच्या भीतीने ब्रिटिशांनी आयर्लंडभर मार्टेलो बुरूज बांधले, त्यांतला हा एक, १८०८ च्या सुमाराचा. जुलै १९२२ मध्ये यादवी युद्धात नव्या आयरिश सरकारच्या सैन्याने त्यावर तोफा डागल्या, कारण आत ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणारे त्यांचेच जुने सोबती बसले होते. बुरूज फुटला आणि पुढे पाऊणशे वर्षं तसाच पडून होता. दुरुस्त होऊन २००० साली उघडला.

आता उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हे नीट करा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मध्ये नदी. समोर मनोरे, चर्चची टोकं, दुकानांची गर्दी. आपण उभे आहोत तो काठ वेगळा. ही दोन गावं होती! दक्षिणेचं मीथमधलं ड्रॉहेडा आणि उत्तरेचं ओरियल या जुन्या प्रदेशातलं ड्रॉहेडा. दोघांची नगरपालिका वेगळी, जकात वेगळी, तटबंदी वेगळी. दक्षिणेच्या गावाला ११९४ मध्ये सनद मिळाली. नदी एक, पूल एक आणि जकातदार दोन, म्हणजे काय होणार ते सांगायला नको. हाणामाऱ्या व्हायच्या, माणसं मरायची. शेवटी फिलिप बेनेट नावाच्या डॉमिनिकन साधूने दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बोलावून प्रवचन दिलं, आणि १४१२ मध्ये चौथ्या हेन्रीच्या सनदेने दोन्ही गावं एक झाली.

पुरती झाली का, हा वेगळा प्रश्न. दक्षिणेकडच्या नव्या वसाहतींपैकी काही आजही मीथ काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतात आणि बाकीचं गाव लाउथमध्ये. घर भाड्याने घेताना हे कुणी सांगत नाही. गेलिक फुटबॉलच्या दिवसांत मात्र रस्ता ओलांडला की झेंड्याचा रंग बदलतो. २०१० च्या लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात मीथने शेवटच्या क्षणी केलेला वादग्रस्त गोल लाउथवाल्यांनी अजून माफ केलेला नाही. २०२५ मध्ये लाउथने मीथलाच हरवून १९५७ नंतर पहिल्यांदा लेन्स्टर जिंकलं, तेव्हा थोडं मलम लागलं. ऑफिसात बोलायला विषय हवा असेल तर हा चांगला आहे, फक्त समोरचा कुठल्या काठावरचा ते आधी काढून घ्या.

पायरी २: ११ सप्टेंबर १६४९, त्याच जागेवरून

टेकडीवरून उतरायची घाई करू नका. आयर्लंडच्या इतिहासातली सर्वांत कडवट आठवण इथलीच आहे, आणि ती समजायला याहून चांगली जागा नाही.

इंग्लंडमध्ये राजाचं डोकं उडवून झालं होतं. संसदेच्या बाजूचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल आयर्लंड जिंकायला उतरला तो सुमारे १२ हजारांची फौज आणि वेढ्याच्या जड तोफा घेऊन. ड्रॉहेडात राजाच्या बाजूचे तीन हजारांच्या आतबाहेर शिपाई होते आणि त्यांचा सेनापती सर आर्थर ॲस्टन, एक पाय लाकडी असलेला. त्याचा भरवसा तटावर आणि नदीवर. क्रॉमवेलने तोफा दक्षिणेकडे लावल्या. टेकडीवरून जवळच दिसणाऱ्या सेंट मेरी चर्चच्या बाजूला तटाला खिंडार पाडलं. पहिले हल्ले परतवले गेले, मग तो स्वतः पुढे झाला आणि फौज आत शिरली. ॲस्टन याच टेकडीवर होता. इथे त्याला मारलं. त्याच्या लाकडी पायात सोनं लपवलंय अशी शिपायांची समजूत होती आणि त्यांनी त्याच पायाने त्याचा जीव घेतला, असं सांगतात.

पूल वेळेत उचलला गेला नाही. त्यामुळे सैन्य पळणाऱ्यांच्या पाठोपाठ उत्तरेच्या गावात घुसलं. तिथे सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यात काही जण चढून बसले होते. क्रॉमवेलच्या हुकुमाने चर्चमधली बाकं खाली रचून पेटवण्यात आली. दुसऱ्या दिवशी उरलेले बुरूज शरण आले. तिथल्या काहींना मारलं, बाकीच्यांना जहाजात घालून बार्बाडोसला पाठवलं. हा देवाचा न्याय आहे असं क्रॉमवेलने स्वतः पत्रात लिहिलं.

शिपाई किती मेले याबद्दल फारसा वाद नाही, बहुतेक सगळेच. वाद आहे तो नागरिकांबद्दल. सगळं गाव कापून काढलं असं तुम्हाला पबमध्ये ऐकायला मिळेल, आणि सामान्यांना हातही लावला नाही असं म्हणणारेही भेटतील. इतिहासकारांतही यावर एकमत नाही. माझा अनुभव असा की नवख्याने इथे मत देऊ नये, ऐकावं. तीनशे पंचाहत्तर वर्षं झाली, पण क्रॉमवेल हे नाव इथे अजून शांतपणे घेतलं जात नाही. अफझलखान येण्याआधी दहा वर्षं घडलेली गोष्ट आहे, आणि आपल्याकडे त्या नावाने काय होतं ते आठवा म्हणजे झालं.

मिलमाउंटच्या जुन्या लष्करी इमारतींमध्ये संग्रहालय आहे. तिथे कारागिरांच्या संघांचे रंगवलेले मोठे ध्वज बघा: चांभार, सुतार, विणकर. आपल्याकडच्या बलुतेदारांसारखे, पण स्वतःचा झेंडा घेऊन मिरवणुकीत चालणारे. हे मला त्या तोफांपेक्षा जास्त आवडतं. जाण्याआधी वेळ बघून घ्या, हिवाळ्यात दार बंद मिळू शकतं. खाली उतरताना बटर गेट नावाचा तटाच्या दरवाजाचा अवशेष लागतो.

पायरी ३: पूल आणि थोल्सल

सेंट मेरी पुलावरून उत्तरेला या. खाली पाण्याकडे बघा: समुद्र जवळ असल्याने बॉइनला इथे भरती-ओहोटी असते. सकाळी भरलेली नदी दुपारी चिखल दाखवते आणि हंस त्या चिखलात उभे असतात. नवीन माणसाला वाटतं धरणाचं पाणी बंद केलं.

पूल संपला की चढावर शॉप स्ट्रीट आणि वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर घड्याळाची दगडी इमारत. तीच थोल्सल, १७७० ची. "टोल" आणि "हॉल" यांतून हा शब्द आला, म्हणजे जकातघर आणि कचेरी एकत्र. पुढे तिथे बँकही होती. पाच मिनिटं पुरेत.

पायरी ४: मस्तक

वेस्ट स्ट्रीटवर टोकदार मनोऱ्याचं भव्य चर्च आहे, सेंट पीटर. इथे आधी एक गोंधळ दूर करू या. ड्रॉहेडात सेंट पीटर नावाची दोन चर्च आहेत. वेस्ट स्ट्रीटवरचं कॅथलिक. क्रॉमवेलने जाळलं त्या जागेवरचं वरच्या बाजूला आहे, ते चर्च ऑफ आयर्लंडचं, म्हणजे प्रोटेस्टंट. पहिल्या महिन्यात मी दोन पाहुण्यांना चुकीच्या चर्चमध्ये जाळपोळीची गोष्ट रंगवून सांगितली होती.

कॅथलिक सेंट पीटरमध्ये डाव्या हाताला काचेच्या पेटीत एक मस्तक ठेवलेलं आहे. खरं. चामड्यासारखं तपकिरी झालेलं. लहान मुलं बरोबर असतील तर आत जाण्याआधी सांगून ठेवा. ते ऑलिव्हर प्लंकेट यांचं. जन्म १६२५, मीथ काउंटीतला. रोममध्ये शिक्षण, मग अर्माचे आर्चबिशप. कॅथलिकांना शाळा काढायची बंदी असलेल्या काळात त्यांनी १६७० मध्ये ड्रॉहेडात शाळा काढली, आणि तिच्यात प्रोटेस्टंट मुलंही येत. पुढे इंग्लंडमध्ये टायटस ओट्स नावाच्या थापाड्याने कॅथलिक लोक राजाला मारणार अशी "पोपच्या कटाची" आवई उठवली आणि प्लंकेट तिच्यात सापडले. डंडॉकमधल्या खटल्यात काही सिद्ध होईना म्हणून त्यांना लंडनला नेलं आणि १ जुलै १६८१ रोजी तिथल्या टायबर्न या फाशीच्या जागी फाशी देऊन देहाचे तुकडे केले. मस्तक आगीत टाकलं होतं, ते मित्रांनी बाहेर काढलं असं सांगतात. मग ते रोमला गेलं, अर्माला आलं, बरीच वर्षं ड्रॉहेडातल्या जोगिणींच्या मठात राहिलं, आणि १९२१ पासून या चर्चमध्ये आहे. १९७५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. बाजूला लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या त्यांच्या कोठडीचं दारही ठेवलंय. पेटीपेक्षा त्या दारापाशी मला जास्त थांबावंसं वाटतं.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. क्रॉमवेल १६५८ मध्ये मेला, पण राजेशाही परत आल्यावर त्याचं प्रेत उकरून काढलं आणि त्याचंही मस्तक लंडनमध्ये खांबावर लावलं. ते हातोहात फिरत राहिलं आणि १९६० मध्ये केंब्रिजच्या एका कॉलेजात गुपचूप पुरलं. एक ऑलिव्हर काचेत, दुसरा जमिनीखाली.

रीतीभाती: प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून संपेपर्यंत थांबा. फोटोला फ्लॅश नको. टोपी पुरुषांनी काढायची. पायातले बूट काढायचे नसतात. हे सांगायचं कारण म्हणजे सासूबाई दारात बूट काढून उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथल्या आजीबाईंनी "लादी गार आहे हो" म्हणून त्यांना परत घालायला लावले. मग दोघींनी मिळून मेणबत्ती लावली. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती.

पायरी ५: वरच्या अंगाला

पीटर स्ट्रीटने चढ चढला की दुसरं सेंट पीटर. आताची इमारत अठराव्या शतकातली. दफनभूमीच्या भिंतीत एक जुनी शिळा बसवलेली आहे, तिच्यावर नवरा-बायकोचे कुजत चाललेले सांगाडे कोरलेत. आयर्लंडमध्ये अशा शिळा थोड्याच आहेत. दार कुलूपबंद असेल तर खंत करू नका, पुन्हा येता येईल.

आणखी वर मॅग्डलीन टॉवर, म्हणजे सासूबाईंचा बुरूज. हा किल्ल्याचा नाही. १२२४ मध्ये स्थापन झालेल्या डॉमिनिकन मठाचा घंटामनोरा, आणि मठातलं एवढंच उभं आहे. १४१२ चा तो तंटा मिटवणारा फिलिप बेनेट याच मठातला. १३९५ मध्ये इंग्लंडचा दुसरा रिचर्ड ड्रॉहेडात असताना उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचे सरदार त्याला शरण आले, तेही या मठात. आज भोवती घरं आहेत, गाड्या उभ्या असतात.

त्या काळी ड्रॉहेडा किती मोठं होतं याची कल्पना यावी म्हणून सांगते: आयर्लंडची संसद इथेही भरत असे. १४९४ मध्ये इथे भरलेल्या संसदेने पॉयनिंग्जचा कायदा केला. त्याचा अर्थ असा की इंग्लंडच्या राजाची आधी मंजुरी मिळाल्याशिवाय आयरिश संसदेने कायदाच करायचा नाही. आपल्याच हाताने आपल्याच तोंडाला कुलूप. ते पुढे जवळजवळ तीनशे वर्षं घट्ट राहिलं.

पायरी ६: जे गेट नाही ते गेट

लॉरेन्स स्ट्रीटने पूर्वेला चालत राहा. वाटेत हायलेन्स गॅलरी लागते: जुनं फ्रान्सिस्कन चर्च, २००६ पासून कलादालन. पाऊस आला तर आडोशाला उत्तम.

पुढे रस्त्याच्या मधोमध दोन उंच गोल बुरूज आणि त्यांना जोडणारी भिंत: सेंट लॉरेन्स गेट, तेराव्या शतकातलं. गावाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर हेच. पण हे खरं म्हणजे गेट नाहीच. हा गेटापुढचा बचावाचा बुरूज. खरं दार याच्या आतल्या बाजूला होतं, ते केव्हाच गेलं. आपल्या किल्ल्यांमध्ये दरवाजासमोर वळणाची वाट आणि बुरूज असतात ना, शत्रूला दाराशी थेट भिडता येऊ नये म्हणून, तसंच डोकं इथे चाललंय. कमानीखाली उभं राहून वर पाहिलं की सरकत्या जाळीच्या दाराची खाच दिसते. नाव मिळालं ते बाहेरच्या सेंट लॉरेन्सच्या इस्पितळावरून. पूर्वी याच्याखालून मोटारी जात असत, आता फक्त माणसं. शेजारच्या फेदरबेड लेनमध्ये जुन्या तटाचा तुकडा शिल्लक आहे.

पायरी ७: चंद्र आणि तारा

ही पायरी चालायची नाही, फक्त डोळे उघडे ठेवायचे. गावात ठिकठिकाणी, विशेषतः ड्रॉहेडा युनायटेडच्या फुटबॉल जर्सीवर, चंद्रकोर आणि तारा दिसेल. विचारलंत तर कुणीही गोष्ट सांगेल: बटाट्याच्या दुष्काळात, म्हणजे १८४७ च्या सुमाराला, तुर्कस्तानच्या सुलतानाने मोठी रक्कम देऊ केली, व्हिक्टोरिया राणीने दिलेल्या दोन हजार पौंडांपेक्षा जास्त देणं बरं दिसणार नाही म्हणून त्याला एक हजारावर थांबवलं, मग त्याने गुपचूप धान्याची जहाजं ड्रॉहेडाला पाठवली, आणि कृतज्ञता म्हणून गावाने चंद्र-तारा घेतला.

यातलं खरं किती? सुलतान अब्दुल मजीदने एक हजार पौंड दिले, हे पक्कं. आयर्लंडच्या प्रतिष्ठितांनी त्याबद्दल पाठवलेलं आभारपत्र आजही आहे. जहाजांबद्दल पुरावा डळमळीत आहे. आणि चिन्ह तर दुष्काळाच्या कितीतरी शतकं आधीपासून गावाचंच आहे. पण गोष्ट लोकांना इतकी प्रिय आहे की १९९५ मध्ये वेस्ट स्ट्रीटवर तिची पाटी लावली, आणि ड्रॉहेडा युनायटेडने त्रब्झोनस्पोर या तुर्की क्लबशी नातं जोडलं. दोघांचे रंगही तेच, गडद लाल आणि निळा. मला विचाराल तर गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच थांबवू नये. मदत खरी होती. बाकीचं गावाने प्रेमाने चिकटवलं.

गावाच्या चिन्हावर लॅटिन बोधवाक्यही आहे: देव आमचा आधार, व्यापार आमची शोभा. बंदरातल्या माणसांचं सरळ वाक्य.

पायरी ८: रेल्वेचा पूल

लॉरेन्स गेटाकडून नदीकाठी उतरा आणि पूर्वेला बघा. बॉइन व्हायाडक्ट चुकूच शकत नाही. जमिनीपासून सुमारे ३० मीटर उंच, दक्षिणेला दगडी कमानी १२, उत्तरेला ३ आणि मधोमध पाण्यावर पोलाद. १८५५ मध्ये पूर्ण झाला. आराखडा इंजिनियर सर जॉन मॅकनील यांचा, तेही लाउथचेच. पूल होण्यापूर्वी डब्लिन-बेलफास्ट प्रवाशांना नदीच्या अलीकडे उतरून गावातून पलीकडच्या स्टेशनपर्यंत जावं लागे. उंची एवढी का? शिडाची जहाजं खालून जायला हवी होती. मधले लोखंडी गाळे १९३२ मध्ये बदलले, आणि आता मधल्या भागात एकच रूळ आहे. म्हणून कधीकधी गाडी स्टेशनात उगाच थांबल्यासारखी वाटते: समोरून दुसरी येत असते.

एवढं सगळं एका दुपारी होतं. साडेतीन तास धरा, चहा आणि स्कोन धरून चार.

पायरी ९: पुढचे रविवार

गावाबाहेरचं एका दिवसात कोंबू नका. पाहुणे कंटाळतात आणि मग सगळे दगड सारखेच दिसतात.

पहिला रविवार पायी: डॉमिनिक पार्कपासून नदीच्या दक्षिण काठाने बॉइन ग्रीनवे जातो तो ओल्डब्रिजपर्यंत. १६९० मधली बॉइनची लढाई इथली. पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स एका काठावर, त्याचा प्रोटेस्टंट जावई तिसरा विल्यम दुसऱ्या. सासरे हरले आणि फ्रान्सला गेले. उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला मिरवणुका निघतात त्या यासाठी. जुन्या कॅलेंडरप्रमाणे लढाई १ जुलैला झाली होती. ओल्डब्रिजच्या जुन्या हवेलीत माहितीकेंद्र आहे, बाग सुंदर आहे, मुलांना पळायला जागा आहे. नदीकाठी विजयस्तंभ होता, १७३६ चा. १९२३ मध्ये तो उडवून दिला. बुंधा अजून दिसतो.

दुसरा रविवार न्यूग्रेंज या प्राचीन थडग्यासाठी, आणि त्याचं आरक्षण आधी करा. थेट गाडी घेऊन थडग्यापाशी जाता येत नाही, ब्रू ना बोन्या या पर्यटक केंद्रातून बसनेच नेतात. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. आत १९ मीटरचा अरुंद दगडी बोळ. डिसेंबरमध्ये सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवतीचं ऊन दारावरच्या झरोक्यातून शिरतं आणि सरपटत आतल्या दालनापर्यंत जातं. मायकल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हे स्वतः आत उभं राहून पाहिलं. त्या सकाळी आत जायला सोडत असते, अर्ज फुकट आहे. मी दरवर्षी भरते. अजून नंबर लागलेला नाही. इतर दिवशी ते किरण दिव्याने दाखवतात, तेही अंगावर येतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं.

तिसरा रविवार मोनॅस्टरबॉइस आणि मेलिफाँट या जुन्या मठांसाठी, दोन्ही गाडीने जवळ. मोनॅस्टरबॉइसला मुइरदाखचा क्रूस बघा: सुमारे साडेपाच मीटर उंच, दहाव्या शतकाच्या आसपासचा, बायबलातल्या प्रसंगांनी खालपासून वरपर्यंत भरलेला. सगळे आदम-ईव्ह शोधतात, पण तुम्ही खाली वाकून बुंध्याशी कोरलेली मांजरं शोधा. मेलिफाँट हा आयर्लंडमधला सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा पहिला मठ, ११४२ चा. अल्स्टरचा ह्यू ओनील इंग्रजांशी नऊ वर्षांच्या युद्धानंतर १६०३ मध्ये तिथे इंग्रजांना शरण गेला. त्याआधी काही दिवस एलिझाबेथ राणी वारली होती. इंग्रज सेनापतीला ते माहीत होतं, ओनीलला नव्हतं.

आणि ऊन पडलं की नियोजन सोडून बेटीस्टाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर जा. १८५० मध्ये तिथे सापडलेला "टारा ब्रोच" हा जुना नक्षीदार दागिना आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. किनाऱ्यावर आता चिप्स मिळतात, व्हिनेगर मारून.

शेवटचं एक काम, जमेल तेव्हा. बेलफास्टला जायचं झालं तर ड्रॉहेडाहून उत्तरेला निघताना डावीकडची खिडकी पकडा. स्टेशन सुटलं की लगेच पूल लागतो. डाव्या हाताला खाली नदी, टेकडीवर कप-बशी, पलीकडे मनोरे, दोन्ही गावं एकदम. जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. मोबाईल काढेपर्यंत पूल संपतो, म्हणून काढू नका.